बर्फ कुठे टाकता?

ती आली तेव्हा तिच्याकडे
ना मोजपट्टी होती, ना फावडं, ना फुलांचं रंगीत पुस्तक.
बूट तेवढे चिखलाचे होते, म्हणून आत घेतलं.
एरवी मार्लिसला मी बजावलंच होतं:
बाग करायला माळी लागतो,
माळ्याला सांगायला वर आणखी एक माणूस कशाला?
तासाचे एकशे चाळीस डॉलर,
आणि कुदळीला हात लावणार नाही.

कोरीन ब्युलियू. लँडस्केप आर्किटेक्ट.
कार्डावर एखादं हिरवं पानसुद्धा नव्हतं.
स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली
कॉफी कोमट होईपर्यंत,
मग पहिला प्रश्न:
हिवाळ्यात बर्फ कुठे टाकता?

चौतीस वर्षं उपसतोय मी या घराचा बर्फ.
कुठे, ते कुणी विचारलं नव्हतं.
मी हात केला. तिकडे, भिंतीवर.
तीच, रेल्वेच्या जुन्या स्लीपरांची,
जी आता शेजारच्या टॉलेफसनांच्या हद्दीत रेलली आहे.
म्हणजे एप्रिलमध्ये तळघरात पाणी, ती म्हणाली.
विचारलं नाही. म्हणाली.
मार्लिसने माझ्याकडे पाहिलं.
ज्याच्यापायी दोन पंप झाले आणि तीन भांडणं,
ते हिने साखर ढवळता ढवळता सांगून टाकलं.

डुलुथमध्ये सपाट म्हणाल
तर एक सरोवरच.
आमचं आवार म्हणजे घसरगुंडी.
मार्लिसची यादी तयार होती:
लाकडी डेक, शेगडी, गुडघ्यांसाठी उंच वाफे,
आणि ते दोन स्प्रूस पाडून टाका, उजेड खातात.
कोरीन ऐकत होती यादी
आणि बघत होती गवत.
गवत वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं.
ही वाट कुत्र्याची.
(कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली, मी म्हणालो.
माती अजून घट्ट आहे, ती म्हणाली.)
ही टपालवाल्याची, कोपरा कापून जाणारी.
ही कपड्यांच्या दोरीकडे.
आणि ही?

शेडच्या मागून निघालेली, एका माणसाच्या रुंदीची,
दोन स्प्रूसच्या मध्ये जाऊन संपलेली.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
माझ्या मनात तर भर दुपारी पडलं.
रोज रात्री नऊला, एकच सिगरेट,
छातीत जाळी बसवली
त्याच्या पुढच्या महिन्यापासून.
हरणं येत असतील, मी म्हणालो.
ती वाकली, मातीतून काहीतरी उचललं,
खिशात टाकलं.
हो, म्हणाली. हरणंच.

तीन आठवड्यांनी नकाशा आला, टेबलभर.
भिंत काळ्या दगडाची, टप्प्याटप्प्याने उतरणारी.
बर्फाला त्याची स्वतःची जागा,
वितळला तर बर्चच्या मुळाशी जाईल.
डेक निम्मा केलेला.
स्प्रूस जिथल्या तिथे,
त्यांच्यामध्ये एक इवलासा फरसबंद चौकोन,
त्यात एक बसका दगड,
बाजूला पेन्सिलीने: थांबायची जागा.

इथे काय आहे थांबण्यासारखं?
मार्लिसने विचारलं.
सरोवराची फट दिसते, कोरीन म्हणाली,
दोन बुंध्यांमधून. रात्री खनिजाची जहाजं आत येतात.
मी नकाशाची कड सरळ करत राहिलो.
सत्तावीस वर्षं त्या जहाजांच्या पोटात
इंजिन राखलं मी, खिडकी नसलेल्या खोलीत.
बाहेरून जहाज कसं दिसतं, दिवे लावून,
ते मला त्या झाडांमध्ये उभं राहून कळलं.
हे कुणाला सांगायचं राहूनच गेलं होतं.

मार्लिसने चष्मा काढला, पुसला, परत लावला.
एइनो, हा दगड लहान आहे, म्हणाली.
आणि मग तिच्याकडे वळून:
दोघांना पुरेल असा टाका.
आणि राख टाकायला एक कुंडी.

कोरीनने लिहून घेतलं,
बारीक अक्षरात, जसं माप लिहितात.
मी चेकबुक शोधायला उठलो.